ओढ्यापल्याडची घंटी

आप्पांनी माझ्याशी पहिलं भांडण काढलं ते मी त्यांच्या घरात पाऊल टाकायच्या आधी. बँकेच्या बदलीवर मी सांगलीला आले होते आणि विश्रामबागेतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. सामानाचा टेम्पो दारात लागला. हमालाने माझ्या वडिलांच्या स्पीकरची एक लाकडी पेटी पाठीवर घेतली आणि जिन्याकडे निघाला, तोच ओसरीवरून आवाज आला.

"ए गड्या, ठेव खाली. उसाची मोळी हाय व्हय ती?"

बनियन, खाकी अर्धी विजार, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि कपाळावर चढवलेला चष्मा. घरमालक म्हणून फोनवर अतिशय गोड बोललेले गृहस्थ ते हेच, हे मला पटायला वेळ लागला. त्यांनी पेटी उतरवून घेतली, तिच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केलं, जसं आपण कलिंगड बघून घेतो, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हेचं बारीक त्वांड बंद झालंया."

"चांगले वाजतात हो," मी म्हणाले. दिवसभराच्या प्रवासानंतर माझ्याच वस्तूची निंदा ऐकायची माझी तयारी नव्हती.

"चांगलं वाजत्यात म्हंजी तुमाला सवय झालीया."

"पण न वाजवताच कसं कळलं तुम्हाला?"

"सत्तरीचं माणूस दिसलं की गुडघं दुखत्यात का म्हणून इचारावं लागतंय का?"

एवढं बोलून ते आत गेले. मी मनात म्हटलं, इथे आपलं काही फार दिवस जमत नाही. पुढे मी त्या घरात पाच-सहा वर्षं राहिले.

आप्पा मूळचे माण तालुक्यातले, म्हसवडच्या पुढच्या एका वाडीचे. घर मेंढपाळांचं. ते फौजेत गेले, वायरलेसचे सेट दुरुस्त करायला शिकले, हवालदार होऊन परत आले आणि मुलाच्या शिक्षणासाठी सांगलीत घर बांधून राहिले. मुलगा शिकून पुण्याला गेला, हे दोघं मात्र इथेच राहिले. याहून जास्त चरित्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, "त्येच्यात काय हाय? सगळ्यांचं तसंच असतंय."

खालच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं कामाचं ठिकाण. तिथे ते एकच काम करत. जुन्या स्पीकरच्या पेट्या उघडून त्यांच्या आतले म्हातारे झालेले भाग बदलायचे. टीव्ही, मिक्सर, मोबाईल असलं काही घेऊन कुणी आलं तर ते त्याला कोपऱ्यावरचं दुकान दाखवत आणि दाखवतानाही त्या दुकानदाराबद्दल एक वाईट शब्द बोलत.

पेटीच्या आत, मागच्या फळीला, तळहाताएवढी एक पट्टी असते. तिच्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी, दोन-चार कंडेन्सर, एखादा रेझिस्टन्स. येणाऱ्या आवाजातला जाड भाग मोठ्या स्पीकरला आणि बारीक भाग छोट्या स्पीकरला वाटून द्यायचा, हे तिचं काम. तिला क्रॉसओव्हर म्हणतात हे मला नंतर कळलं. आप्पांच्या भाषेत तो पाटकरी. ऊसवाल्यांच्या गावात पाटाचं पाणी कुणाच्या रानात किती सोडायचं ते पाटकरी ठरवतो. "ह्यो पाटकरी म्हातारा झाला," आप्पा सांगत, "की झोपा काढाय लागतोय. मोठ्या रानाला पाणी जातंय, बारक्या वाफ्याला जातच न्हाई. वाफा हळूहळू वाळतोय, आन् मालकाला पत्त्या न्हाई."

माझ्या पेट्यांचं काम त्यांनी मी न सांगताच अंगावर घेतलं. पण दोन्ही पेट्या एकदम उघडायच्या नाहीत हा त्यांचा शिरस्ता होता. एकीतले कंडेन्सर बदलायचे, दुसरी जशीच्या तशी ठेवायची आणि दोन्ही मालकाच्या घरी नेऊन लावायच्या. आठ दिवस मालकाने ऐकायचं. मग मालक म्हणेल तर दुसरी करायची, नाहीतर पहिलीही होती तशी करून द्यायची. "माणसाला जुनं बरं वाटत असंल तर आपुन कोण?" असं म्हणत खरे, पण जुनं बरं वाटणाऱ्या माणसाशी ते पुढे वर्षभर बोलत नसत.

मला पहिले दोन-तीन दिवस काहीच फरक कळला नाही, आणि ते सांगायची हिंमत होईना. मग एका रविवारी सकाळी भजनं लावून मी भाजी निवडत बसले होते आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की उजवीकडच्या पेटीत टाळ वाजतायत. डावीकडच्या पेटीत नुसतं खसखस व्हायचं. मी लहानपणापासून ती भजनं त्याच पेट्यांवर ऐकली होती आणि कित्येक वर्षं त्यातले टाळ हरवले होते हे मला माहीतच नव्हतं. मी भाजी टाकून खाली धावले.

"टाळ!" मी म्हणाले.

"मंग?" आप्पा म्हणाले, आणि दुसरी पेटी आणायला उठले.

त्यांची आणखी एक रीत मला फार आवडायची. काढलेला जुना माल ते फेकत नसत. वाळलेले कंडेन्सर एकत्र करून पांढऱ्या दोऱ्याने बांधायचे आणि त्याच पेटीच्या तळाशी, कापसावर ठेवून झाकण लावायचं. मी कारण विचारलं. "इतकी वर्सं राबलं हे. रिटायर झालं म्हणून घराभाईर काढायचं?" एवढं बोलून त्यांनी मला उठायला लावलं, कारण मी त्यांच्या स्क्रू-ड्रायव्हरवर बसले होते.

गणपतीच्या दिवसांत एका मंडळाची पोरं भिंतीएवढे स्पीकर घेऊन आली होती. आवाज फाटतोय म्हणे. आप्पा टेम्पोभोवती एक चक्कर मारून आले. "हेला पाटकरी काय करणार? हितं धरणच फुटलंया," म्हणाले आणि दार लावून घेतलं. पोरांनीही खेळीमेळीने दारासमोर एक गाणं वाजवून दाखवलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आप्पा तिसऱ्या दिवसापर्यंत तणतणत होते.

काम झालं की ते एक कॅसेट लावत. ही कॅसेट म्हणजे त्यांची शेवटची परीक्षा. फौजेत असताना सुट्टीवर गावी आले तेव्हा कँटीनमधून घेतलेला टेपरेकॉर्डर सोबत होता. संध्याकाळी मेंढरं परत येताना त्यांनी तो चालू करून धरला. त्यात दुसरं काही नाही. मेंढ्यांचं बें-बें, भावाची हाळी, कुत्रं, आणि घंट्या. मोठ्या घाट्या, मधली घुंगरं, आणि त्या सगळ्यांच्या वर, मधूनच, एक पितळेची बारकी घंटी. ती एकाच मेंढीच्या गळ्यातली. जुन्या वाळलेल्या पेटीत ती घंटी येतच नसे.

"मोठ्या घाट्या कुणालाबी ऐकू येत्यात," आप्पा सांगत. "ही आली तर पाटकरी जागा झाला म्हणायचं."

माझ्या खोलीत त्यांनी ती कॅसेट लावली होती तेव्हा घंटी वाजताच त्यांची मिशी हलली होती. पोरासारखे खूश झाले होते. ते मी पाहिलं होतं, म्हणून पुढे काय झालं ते मला जास्त लागलं.

सोनामावशी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, या सगळ्यात कुठेच नसायच्या. कपाळावर मोठं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि बोलणं आप्पांच्या दहाव्या हिश्श्याइतकं. स्पीकर हा त्यांच्या लेखी घरातली जागा अडवणारा प्रकार. पण आप्पा हाक मारत, "अगं, ये गं, घंटी आली का बघ." मग त्या पदराला हात पुसत यायच्या, उभ्या उभ्या ऐकायच्या, "आली" म्हणायच्या आणि परत जायच्या. पहिल्यांदा असंच होतं.

नंतर कधीतरी त्या "न्हाई" म्हणायला लागल्या.

माझ्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आप्पांचं काम लांबायला लागलं. एक पेटी बंद करायची, पुन्हा उघडायची. नवे कंडेन्सर लावायचे, काढायचे, दुसरे आणायचे. सांगलीतली दुकानं झाली, पुण्याहून माल मागवून झाला. "आजकालचा माल भेसळीचा," असं त्यांचं मत पक्कं झालं. बारक्या वाफ्याला पाणी बेतानं जावं म्हणून पट्टीवर एक रेझिस्टन्स असतो, तोही ते काढून टाकायला लागले. माझ्याही पेट्या त्यांनी पुन्हा खाली नेल्या, "त्यातबी भेसळ असंल" म्हणून. परत आल्या त्या अशा की भजनातले टाळ कानात टाचण्यांसारखे घुसायला लागले. मी आवाज बारीक करून ऐकू लागले आणि गप्प बसले. हळदीच्या बाजारातल्या एका अडत्याचा मुलगा मात्र गप्प बसला नाही. "आप्पा, जरा चरचरतंय हो," तो अदबीने म्हणाला. "तुज्या कानात हळद गेलीया," आप्पांनी सांगितलं. तो पुन्हा आला नाही. तसेच आणखी काही जण आले नाहीत.

एका दुपारी मावशी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. मी मदतीला बसले आणि न राहवून विचारलं, "मावशी, तुम्हाला ती घंटी खरंच ऐकू येत नाही?"

त्यांनी खाली जिन्याकडे एकदा बघून घेतलं.

"येतीया की. हितं गच्चीवर आसले तरी येतीया."

"मग नाही का म्हणता?"

त्यांनी आणखी एक मूठ मिरच्या पसरल्या. "त्यास्नी न्हाई येत," त्या म्हणाल्या. "एक दिस मला म्हणाले, आली का गं? मी आली म्हणनार, तवर त्यांच्या तोंडाकडं बघितलं. कान लावून बसल्यालं, आन् घंटी तर वाजून गेल्याली. त्यास्नी ठावंच न्हाई. तवा माज्या तोंडातनं न्हाई गेलं. मंग काय, न्हाई ते न्हाईच."

"पण त्यांना सांगायला हवं ना."

"सांगू कसं? त्यो माणूस कानावर जगलाय बाई. मेंढरामागं हुता तवाबी अंधारात नुसत्या घंटीवर मेंढरू वळकायचा. फौजेत बी कानच. कानच गेला म्हटल्यावर ह्यो टेबल गुंडाळून भिताडाकडं बघत बसंल. मला ते बघायचं न्हाई."

मग त्या हसल्या. "आन् ती घंटी माज्या मेंढीची हाय. बापानं आंदण दिल्याली. तिच्याच बाबतीत मी खोटं बोलतीया बघा."

मला त्यांचा राग आला नाही. पण खाली आप्पा एका माणसाची चांगली पेटी बिघडवत होते आणि ते न कळता त्यांचं नाव जात होतं, हेही मला दिसत होतं. काय व्हायला हवं ते मला समजेना. नवरा-बायकोच्या मधे मी बोलणं शोभलं नसतं, आणि बोलले असते तरी आप्पांनी माझ्याच कानात काहीतरी गेलंय असं ठरवलं असतं.

ते फुटलं साताऱ्याच्या कुमुदताईंमुळे. कुमुदताई घरी गाणं शिकवायच्या. जुन्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका विद्यार्थ्यांना ऐकवायच्या त्या ज्या पेट्यांवर, त्या आप्पांनी पुष्कळ वर्षांपूर्वी केल्या होत्या. आप्पांचं सगळ्यात आवडतं काम. त्यातला एक कंडेन्सर अलीकडे पुन्हा गेला म्हणून त्यांनी पेट्या पाठवल्या, आप्पांनी दुरुस्त करून दिल्या, आणि पंधरवड्यात त्या स्वतः पेट्या गाडीत घालून परत आल्या. मी त्या दिवशी भाडं द्यायला खाली उतरले होते.

"आप्पा, तंबोरा तंबोऱ्यासारखा राहिला नाही हो," त्या म्हणाल्या. "पत्र्यावर खिळा ओढतंय कुणी असं वाटतं."

"तुमास्नी बंद तोंडाची सवय लागली आसंल."

"ती सवय तुम्हीच मोडली होती की. चांगलं काय ते मला तुम्हीच ऐकवलंत. म्हणून तर कळतंय."

आप्पांनी रागाने पेट्या टेबलावर घेतल्या, तारा जोडल्या आणि कॅसेट लावली. "ऐका. ह्यात एक बारकी घंटी हाय. ती आजून पुरती येत न्हाई. मंग जास्त कुठनं झालं?"

मेंढरं चालू लागली. घाट्या वाजल्या. आणि बारकी घंटी अशी वाजली की मी डोळे मिटून घेतले.

"येते की," कुमुदताई म्हणाल्या. "केवढी! बाकी सगळ्यांना झाकून टाकतेय."

मावशी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. आप्पा त्यांच्याकडे वळले. "अगं, ह्या काय म्हणत्यात?"

मावशींनी कपांची ताटली स्टुलावर ठेवली.

"येतीया," त्या म्हणाल्या.

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. ती कवा गेलीच न्हवती."

आप्पांनी कॅसेट बंद केली. बाहेर सिटी बस गेली, कुणाची तरी स्कूटर गेली. कुमुदताईंना आपण कशात सापडलो ते कळेना, पण काहीतरी मोठं घडलंय एवढं कळलं असावं. त्यांनी चहा संपवला आणि हळूच म्हणाल्या, "मी आठ दिवसांनी येते. नाहीच जमलं तर पुण्याला दाखवीन. दुसऱ्या कुणाला दाखवायची माझी इच्छा नाही, आप्पा." आप्पांनी नुसती मान हलवली.

त्यानंतरचं भांडण मला वर ऐकू आलं, आणि ते अख्ख्या गल्लीलाही आलं असणार, कारण ऐकू कमी येणारा माणूस भांडताना जास्त ओरडतो. "दोन वर्सं मला येड्यात काढलंस!" हे पुन्हा पुन्हा. मावशींचा आवाज एकदाच चढला. "व्हय, काढलं! तुमास्नी रडताना बघायचं न्हवतं मला, म्हणून काढलं!"

दुसऱ्या दिवशी टेबलावर चादर पडली होती. आप्पा ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. फौजेतला गोळीबार, वर्षानुवर्षं कानाला लावलेले हेडफोन आणि वय, असं डॉक्टरांनी सांगितलं. कानातलं यंत्र आलं. आप्पांनी ते अर्धा दिवस घातलं, काढून डबीत ठेवलं. "उघडून बघता येत न्हाई आसलं यंत्र मी कानात घालू?" मला वाटतं, खरं कारण वेगळं होतं. यंत्रातून त्यांनी घंटी ऐकली होती, आणि ती त्यांना यंत्राचीच वाटली होती.

कुमुदताई येणार त्याच्या आदल्या सकाळी मावशींनी मला खाली बोलावलं. "बाई, ब्याटरी धरायला या." गेले तर चादर घडी करून ठेवलेली, पेट्या टेबलावरून उतरवून भिंतीशी मांडलेल्या, आणि त्यांच्या बरोबर समोर, खोलीच्या मधोमध, स्टूल टाकून मावशी बसलेल्या. आप्पा दारात उभे.

"आवं, या आत. साताऱ्याच्या बाई उद्या यायच्यात."

"मला ऐकू येत न्हाई."

"मला येतंय की. तुमी हात चालवा."

"तुला वूफर कुठला आन् ट्विटर कुठला ते ठावं न्हाई."

"मेंढी कुठं हाय ते ठावं हाय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरी चालू केली. दुसरं काय करणार? त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि पेटीमागे मांडी घातली.

कॅसेट लागली. मावशींनी डोळे मिटले. "लय जवळ. कानात तोंड घालून वरडतीया."

डाग देताना सोल्डरचा धूर निघाला. आप्पांनी एक रेझिस्टन्स लावला. "आता?"

"अंगणात."

दुसरा लावला. "आता?"

"गेली टेकडीमागं. आणा म्हागारी."

"मेंढी म्हागारी आणायला हितं हाळी मारून चालत न्हाई, पार्ट बदलावा लागतोय," आप्पा पुटपुटले, पण त्यांच्या आवाजात जान आली होती. ते पट्टीवर वाकले. बऱ्याच खटपटीनंतर पुन्हा कॅसेट लावली. घाट्या आल्या, घुंगरं आली, कुत्रं भुंकलं. मग घंटी.

"वढ्यापल्याड," मावशी म्हणाल्या. "बाभळीखाली. हितंच हुती ती."

आप्पांचा हात थांबला. "हितंच म्हंजी?"

"तुमी टेप धरून दारात वाकला हुता न्हवं का? मी मागं हुबी हुते की. मेंढरं वढ्यापल्याडच हुती. माजी मेंढी बाभळीखाली थांबली, शेंगा खायला. तवा घंटी वाजली."

आप्पा मावशींकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते घंटी येते की नाही एवढंच तपासत आले होते. ती कुठून यायला हवी, हे त्या संध्याकाळी पाठीमागे उभ्या असलेल्या बाईला ठाऊक होतं आणि तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी काढलेला माल गोळा केला, पांढऱ्या दोऱ्याने बांधला. बांधता बांधता म्हणाले, "आता ह्या कानाचं काय करायचं?"

"दोरा बांधून पेटीतच ठिवते तुमास्नी," मावशी म्हणाल्या, "कापसावर." आणि चहा टाकायला उठल्या.

कुमुदताईंनी दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत बसून एक संपूर्ण राग ऐकला. ड्रायव्हरला हाक मारून पेट्या गाडीत ठेवायला सांगितल्या आणि जाताना मावशींच्या पाया पडायला वाकल्या. मावशी दोन पावलं मागे सरकल्या, "आवं, आवं, हे काय!" आप्पांच्या मात्र पाया पडल्या नाहीत, याचा आप्पांना नंतर बरेच दिवस विषाद होता.

मग तसंच सुरू राहिलं, मावशी स्टुलावर आणि आप्पा पेटीमागे. अडत्याचा मुलगासुद्धा परत आला. "ह्या बाई इंजिनेर हायत का?" असं कुणी नव्याने विचारलं की आप्पा म्हणत, "न्हाई, धनगरीण हाय," आणि विचारणाऱ्याला रस्त्यापर्यंत सोडून येत.

माझी साताऱ्याला बदली झाली तेव्हा सामान भरायला पुन्हा टेम्पो दारात लागला. सगळं चढलं, स्पीकर तेवढे राहिले. हमाल ते उचलणार तोच ओसरीवरून आवाज आला, "ठेव गड्या खाली."

मला म्हणाले, "तुमचंबी टोचत आसंल. दोन वर्सं गप बसलायसा. सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही माझ्या कानात काय गेलंय ते सांगितलं असतंत."

"ते बी खरं," म्हणाले आणि पेट्या आत घेतल्या.

मावशी स्टुलावर येऊन बसल्या. टेम्पोवाल्याला निघायची घाई होती, त्याने बसल्या जागी इंजिन चालू केलं. आप्पा खिडकीतून ओरडले, "गाडी बंद कर की रं! मेंढरं बुजत्यात!" टेम्पोवाल्याने घाबरून इंजिन बंद केलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग उतरून टेम्पोच्या खालीही पाहिलं.

कॅसेट चालू झाली. मी दारात उभी होते. आप्पा पेटीच्या मागे बसले होते खरे, पण पेटीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मावशींच्या चेहऱ्यावर होती. बदल करायचे, कॅसेट मागे घ्यायची, पुन्हा बघायचं. "कुठं आली?" हे ते आता विचारत नव्हते. मावशींच्या कपाळावर आठी पडली की मेंढी फार जवळ, मान पुढे आली की फार लांब, एवढं त्यांना पाठ झालं असावं.

मग एकदा मावशींची हनुवटी जराशी वर झाली आणि चेहरा सैल झाला. आप्पांनी हातातलं सोल्डरचं हत्यार खाली ठेवलं.

"आली," आप्पाच म्हणाले.

मावशींनी डोळे न उघडता मान डोलावली.

मी चप्पल घालायला बाहेर वळले. टेम्पोवाला फाटकापाशी उभा होता. आमच्याकडे त्याची पाठ होती, आणि मान उंच करून तो लांब रस्त्याच्या पलीकडे, झाडांखाली, मेंढरू शोधत होता.